केनी डॅल्ग्लिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनी डॅल्ग्लिश कोण, हे दोन ओळींत सांगता येईल का?

स्कॉटलंडचा आघाडीपटू, जन्म ४ मार्च १९५१, ग्लासगोच्या पूर्व भागातलं डॅल्मार्नॉक. आधी सेल्टिक, मग लिव्हरपूल. स्कॉटलंडसाठी १०२ सामने, हा आजही त्या देशाचा विक्रम आहे. मॅनेजर म्हणून इंग्लंडची अव्वल लीग चार वेळा जिंकली: तीनदा लिव्हरपूलला, एकदा ब्लॅकबर्नला. लिव्हरपूलचे चाहते त्याला 'किंग केनी' म्हणतात.

आपल्याकडच्या जुन्या फुटबॉलप्रेमींना मॅराडोना, प्लाटिनी पाठ असतात. डॅल्ग्लिश का नाही?

कारण सरळ आहे. आपल्याकडे घराघरांत पोहोचलेला विश्वचषक १९८६ चा, दूरदर्शनवरचा. त्या स्पर्धेत डॅल्ग्लिश नव्हता. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याने माघार घेतली होती. १९७४, १९७८ आणि १९८२ या तिन्ही विश्वचषकांत तो खेळला, पण स्कॉटलंड तिन्ही वेळा पहिल्या फेरीतच गारद झालं. त्याचं खरं कर्तृत्व क्लब फुटबॉलमधलं, आणि ते त्या काळात इथे वर्तमानपत्राच्या चार ओळींपलीकडे येत नसे.

तो लहानपणी रेंजर्सचा चाहता होता, मग सेल्टिककडे कसा गेला?

ग्लासगोत हा प्रश्न साधा नाही. रेंजर्स म्हणजे प्रोटेस्टंट आणि सेल्टिक म्हणजे कॅथलिक, अशी त्या शहराची ढोबळ वाटणी होती. डॅल्ग्लिशचं घर प्रोटेस्टंट, आणि पुढे तर ते आयब्रॉक्स या रेंजर्सच्या मैदानाजवळ, त्यांच्या सराव मैदानाच्या शेजारी राहायला गेले. पण दोन क्लबांत एक महत्त्वाचा फरक होता. रेंजर्स त्या काळात कॅथलिक खेळाडू घेत नसे. सेल्टिक मात्र दोन्हीकडचे घेई. खुद्द सेल्टिकचा मॅनेजर जॉक स्टीन प्रोटेस्टंट होता. त्यामुळे १९६७ मध्ये स्टीनचा सहायक शॉन फॅलन घरी आला, तेव्हा अडचण नियमांची नव्हती, भिंतीवर लावलेल्या रेंजर्सच्या चित्रांची होती. ती घाईघाईने उतरवली गेली, असं सांगतात.

त्याआधी १९६६ मध्ये वेस्ट हॅम आणि लिव्हरपूल या दोन्ही क्लबांत त्याची चाचणी झाली होती. दोघांनीही घेतलं नाही. अकरा वर्षांनी त्याच लिव्हरपूलला त्याच्यासाठी विक्रमी रक्कम मोजावी लागली.

सेल्टिकमध्ये स्थिरावायला इतकी वर्षं का लागली?

१९६७ साली सेल्टिक युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकून आलं होतं. त्या संघात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला जागा कुठून मिळणार? स्टीनने त्याला आधी कंबरनॉल्ड युनायटेड या छोट्या क्लबात पाठवलं. तिथे एका हंगामात त्याने ३७ गोल केले, आणि त्याच काळात सुतारकामाची उमेदवारीही करत होता. मग राखीव संघ. डॅनी मॅकग्रेन, लू मकारी, डेव्हिड हे, जॉर्ज कॉनेली ही त्याच्याबरोबरची मुलं. हा राखीव संघ इतका तगडा होता की भल्याभल्या पहिल्या संघांना त्याने घाम फोडला असता.

सप्टेंबर १९६८ मध्ये हॅमिल्टनविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो पहिल्यांदा उतरला, पण जम बसायला १९७१ उजाडलं. मे १९७१ मध्ये किल्मार्नॉकला एका सत्कार सामन्यात सेल्टिकने ७-२ असा विजय मिळवला; त्यातले सहा गोल त्याचे. ऑगस्टमध्ये आयब्रॉक्सवर रेंजर्सविरुद्ध पेनल्टी मिळाली तर त्याने आधी खाली बसून बुटाची नाडी बांधली आणि मग चेंडू जाळ्यात मारला. वय वीस. त्यानंतर त्याची जागा पक्की झाली. सेल्टिककडून चार लीग विजेतेपदं आणि चार स्कॉटिश कप जिंकून, कर्णधार होऊन तो बाहेर पडला.

लिव्हरपूलने किती पैसे मोजले? ती रक्कम जास्त होती का?

ऑगस्ट १९७७ मध्ये ४,४०,००० पौंड. दोन ब्रिटिश क्लबांमधल्या व्यवहाराचा तो तेव्हाचा विक्रम होता. पण हिशोब असा बघा: लिव्हरपूलने केव्हिन कीगनला हॅम्बुर्गला ५,००,००० पौंडांना विकलं होतं. म्हणजे युरोपियन कप नुकताच जिंकलेला संघ, त्याचा सर्वांत मोठा तारा गेला, त्याच्या जागी सात नंबरच्या जर्सीत डॅल्ग्लिश आला, आणि वर ६०,००० पौंड शिल्लक राहिले. पहिल्याच हंगामात ३१ गोल. मिडल्सब्रोविरुद्ध लीगमधला पहिला सामना, त्यात सातव्या मिनिटाला गोल. क्लबच्या इतिहासातला सर्वांत स्वस्त सौदा कुठला, या वादात आमचं मत याच सौद्याला.

तो वेगवान नव्हता असं म्हणतात. मग बचावपटूंना तो जड का जायचा?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

डॅल्ग्लिश गोलकडे पाठ करून खेळायचा. चेंडू येण्याआधी तो मान वळवून मागचा बचावपटू कुठल्या खांद्याशी आहे ते पाहून घ्यायचा. मग गुडघे वाकवून, ढुंगण मागे काढून, हात किंचित पसरून तो त्या बचावपटूला टेकायचा. धक्का नाही, फक्त टेकणं. त्यामुळे पाठीमागचा माणूस कोणत्या बाजूला झुकतोय हे त्याला न बघता कळायचं. चेंडू तो नेहमी लांबच्या पायावर घ्यायचा, म्हणजे चेंडू आणि बचावपटू यांच्यामध्ये स्वतःचं अख्खं शरीर. बचावपटूने डावीकडून पाय घातला की हा उजवीकडे वळला. उजवीकडून घातला की डावीकडे. पायच नाही घातला तर पुढून धावत येणाऱ्या सहकाऱ्याला सोपा पास.

बचावपटूसमोर तीन वाटा असायच्या आणि तिन्ही वाईट. चिकटून राहिलं तर तो तुमच्याच वजनावर वळायचा. दोन यार्ड मागे राहिलं तर तो आरामात वळून समोरासमोर यायचा. पाडलं तर फ्री किक. यात वेग लागतोच कुठे?

दुसरी गोष्ट नजर. लिव्हरपूलचा स्ट्रायकर इयन रशचे कित्येक गोल बघा: रश धावायला लागतो तेव्हा चेंडू आधीच डॅल्ग्लिशच्या पायातून सुटलेला असतो. रशला फक्त धावायचं असे. चेंडू कुठे पडणार याची काळजी दुसऱ्याची. म्हणूनच केवळ गोल मोजून डॅल्ग्लिश समजत नाही.

तरीही आकडे द्या. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे का दिसतात?

लिव्हरपूल: सर्व स्पर्धा धरून ५१५ सामने, १७२ गोल. त्यातले लीगचे गोल ११८. सेल्टिक: सर्व स्पर्धांत १६७ गोल. गोंधळ होतो तो कोणी फक्त लीगचे आकडे देतं आणि कोणी सगळ्या स्पर्धांचे, म्हणून. तुलना करताना दोन्ही बाजूंना एकच माप लावा. स्कॉटलंड आणि इंग्लंड या दोन्ही देशांच्या लीगमध्ये त्याचे शंभराहून जास्त गोल आहेत, हे मात्र कुठल्याही मापाने खरं.

स्कॉटलंडसाठी ३० गोल. हा विक्रम डेनिस लॉबरोबर संयुक्त आहे. लॉने ते ५५ सामन्यांत केले, डॅल्ग्लिशने १०२ सामन्यांत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. देशाकडून खेळताना तो क्लबइतका कधीच खुलला नाही अशी टीका तेव्हाही व्हायची, आणि ती सर्वस्वी चुकीची नव्हती.

त्याचा सर्वांत मोठा गोल कुठला?

बहुतेक जण १० मे १९७८ चा सांगतात: वेम्ब्ली, युरोपियन कपची अंतिम लढत, समोर बेल्जियमचा क्लब ब्रुज. ग्रेम सूनेसचा पास आला, गोलरक्षक येन्सन पुढे धावला. डॅल्ग्लिश क्षणभर थांबला, तो खाली जाईपर्यंत वाट पाहिली आणि चेंडू अलगद त्याच्या वरून टाकला. सामना १-० असा सुटला. लिव्हरपूलबरोबर त्याने युरोपियन कप तीनदा जिंकला: १९७८, १९८१, १९८४.

स्कॉटिश माणसाला विचाराल तर तो १९७६ चा, ग्लासगोच्या हॅम्पडेन मैदानावरचा गोल सांगेल. इंग्लंडविरुद्ध २-१. फटका तसा मिळमिळीत, पण गेला तो इंग्लंडचा गोलरक्षक रे क्लेमन्सच्या दोन पायांमधून. दुसऱ्याच वर्षी दोघं एका संघात आले.

खेळत असतानाच तो मॅनेजर कसा झाला?

२९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर युव्हेंटसविरुद्धच्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलचे काही प्रेक्षक चालून गेले, भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. बहुतेक इटालियन. मॅनेजर जो फेगनने निवृत्ती आधीच ठरवलेली होती. त्याच्या जागी ३४ वर्षांचा डॅल्ग्लिश खेळाडू-मॅनेजर म्हणून आला. इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली होती, आणि ड्रेसिंग रूममधल्या मित्रांना आता त्यालाच संघाबाहेर बसवायचं होतं.

त्याने दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. रॉनी मोरन आणि रॉय एव्हान्स हे जुने प्रशिक्षक तसेच ठेवले, आणि निवृत्त मॅनेजर बॉब पेझलीला सल्लागार म्हणून जवळ घेतलं. तिसरी गोष्ट अशी की सुरुवातीला स्वतःला फारसं खेळवलं नाही. २२ फेब्रुवारी १९८६ ला घरच्या मैदानावर त्याच शहरातल्या एव्हर्टनकडून ०-२ हरल्यावर लीग हातची गेल्यासारखी होती. उरलेल्या १२ सामन्यांत ११ विजय आणि एक बरोबरी. शेवटच्या टप्प्यात तो स्वतः संघात परतला होता. ३ मे रोजी चेल्सीच्या मैदानावर बेग्लिनने उचलून दिलेला चेंडू त्याने छातीवर घेतला आणि जमिनीला लागू न देता मारला. १-० आणि लीग. आठवड्याने एव्हर्टनला ३-१ हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धाही. एकाच हंगामात लीग आणि कप, तेही खेळाडू-मॅनेजर म्हणून पहिल्याच वर्षी.

१९८७-८८ च्या संघाचं इतकं कौतुक का?

रश युव्हेंटसला गेला, तेव्हा डॅल्ग्लिशने 'दुसरा रश' शोधला नाही. त्याने आघाडीच नव्याने मांडली. गोल करायला जॉन ऑल्ड्रिज (७,५०,००० पौंड, जानेवारीतच घेतलेला), त्याच्या किंचित मागे पीटर बिअर्ड्सली (१९ लाख), डावीकडे वॉटफर्डचा जॉन बार्न्स (९ लाख), आणि ऑक्टोबरमध्ये उजवीकडे रे हॉटन. बिअर्ड्सलीचं काम ओळखीचं वाटतं ना? मधल्या जागेत चेंडू घेऊन वळणं आणि पुढच्याला धावायला लावणं: डॅल्ग्लिशने स्वतःचीच जागा भरून काढली होती.

पहिले २९ लीग सामने हार नाही. ४० सामन्यांत ९० गुण, ८७ गोल केले, फक्त २४ खाल्ले. आणि मग एफए कपच्या अंतिम सामन्यात विम्बल्डनकडून ०-१ हार. ऑल्ड्रिजची पेनल्टी बीसंटने अडवली. फुटबॉल हा असा.

हिल्सबरोमध्ये त्याची भूमिका काय होती?

१५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची उपांत्य फेरी. पोलिसांच्या ढिसाळ नियंत्रणामुळे आधीच भरलेल्या कुंपणबंद गॅलरीत आणखी माणसं लोटली गेली. मृतांचा आकडा आज ९७ आहे. जुन्या मजकुरात ९५ किंवा ९६ दिसेल, कारण काही जण वर्षांनुवर्षं जखमी अवस्थेत राहून नंतर गेले.

क्लबने ॲनफिल्ड हे आपलं मैदान लोकांसाठी उघडलं. डॅल्ग्लिश, त्याची पत्नी मरीना आणि खेळाडू रोज कुटुंबांना भेटत राहिले. अंत्यविधींना क्लबमधलं कोणी ना कोणी हजर असावं यासाठी तो झटला. एका दिवशी तर तो स्वतः चार अंत्यविधींना गेला. लिव्हरपूल शहरात त्याच्याबद्दल जो आदर आहे तो चषकांमुळे कमी आणि या आठवड्यांमुळे अधिक आहे.

मग फेब्रुवारी १९९१ मध्ये त्याने अचानक राजीनामा का दिला?

थकव्यामुळे. २० फेब्रुवारीला एव्हर्टनविरुद्धच्या कप सामन्यात लिव्हरपूलने चारदा आघाडी घेतली आणि चारदा घालवली, ४-४. बचावात बदल हवा हे दिसत असूनही निर्णय घेता येत नाही, हे त्याला बाकावर बसल्या बसल्या जाणवलं. दोन दिवसांनी त्याने पद सोडलं. संघ तेव्हा लीगमध्ये पहिला होता. 'पळून गेला' म्हणणारे तेव्हा होते. हिल्सबरोचा ताण त्याने किती आत दाबला होता हे नंतर समजलं. पुढची लीग लिव्हरपूलला २०२० साली मिळाली.

ब्लॅकबर्नचं विजेतेपद जॅक वॉकरच्या पैशाने विकत घेतलेलं होतं, नाही का?

अर्धं खरं. पोलाद व्यवसायातून श्रीमंत झालेल्या वॉकरने पैसा ओतला हे निर्विवाद: १९९२ मध्ये ॲलन शिअररसाठी ३० लाख पौंडांहून अधिक, १९९४ मध्ये ख्रिस सटनसाठी ५० लाख, दोन्ही तेव्हाचे ब्रिटिश विक्रम. पण ऑक्टोबर १९९१ मध्ये डॅल्ग्लिश आला तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. प्लेऑफमधून (बढतीसाठीच्या अखेरच्या बाद सामन्यांतून) वर चढला, मग चौथा, दुसरा, पहिला. पैसा बऱ्याच क्लबांनी उधळला, असा जिना कुणी चढला नाही.

पद्धत साधी होती. ४-४-२ (चार बचावात, चार मध्ये, दोन आघाडीला), उजवीकडे रिप्ली, डावीकडे विल्कॉक्स, काम एकच: टोकापर्यंत जा आणि क्रॉस टाका, म्हणजे बाजूने गोलसमोर चेंडू द्या. आत शिअरर आणि सटन. १९९४-९५ मध्ये दोघांचे मिळून लीगमध्ये ४९ गोल, त्यातले ३४ शिअररचे. मागे बचावपटू हेंड्री आणि गोलरक्षक टिम फ्लॉवर्स. मैदानावरचा रोजचा सराव बराचसा सहायक रे हारफर्ड घ्यायचा. डॅल्ग्लिशचं काम माणसं निवडणं आणि त्यांना शांत ठेवणं.

१४ मे १९९५, शेवटचा दिवस, आणि सामना नेमका ॲनफिल्डवर. ब्लॅकबर्न १-२ हरलं, पण मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने १-१ असं रोखलं. ८९ गुण विरुद्ध ८८. क्लबची १९१४ नंतरची पहिली लीग. लगेच डॅल्ग्लिशने मॅनेजरपद हारफर्डकडे देऊन फुटबॉल संचालकपद घेतलं, आणि आमच्या मते घसरण तिथूनच सुरू झाली.

न्यूकॅसलमध्ये काय बिघडलं?

जानेवारी १९९७ मध्ये तो आला तो पुन्हा कीगनच्याच जागी, या वेळी मॅनेजर म्हणून. त्या हंगामात संघ दुसरा आला. उन्हाळ्यात लेस फर्डिनंडला टॉटनमला विकण्याचा व्यवहार सुरू असतानाच शिअररचा घोटा एका सराव सामन्यात मोडला. म्हणजे दोन्ही स्ट्रायकर एकदम गेले. भरपाईसाठी रश आणि बार्न्स आणले, पण दोघांचीही उमेद ओसरली होती. कीगनच्या धमाल आक्रमणाची सवय लागलेल्या प्रेक्षकांना सावध खेळ पाहावा लागला. बार्सिलोनावर ३-२ असा विजय (आस्प्रियाची हॅटट्रिक) आणि एफए कपची अंतिम फेरी एवढंच पदरात. लीगमध्ये तेरावा क्रमांक. १९९८ चा हंगाम सुरू होऊन दोनच सामने झाले आणि त्याला काढलं. न्याय म्हणून एवढं नोंदवायला हवं की शे गिव्हन, गॅरी स्पीड आणि सोलानो ही त्याचीच खरेदी, आणि पुढची कित्येक वर्षं न्यूकॅसल त्यांच्यावर उभं राहिलं.

सेल्टिकला तो मॅनेजर म्हणून परतला होता का?

१९९९ मध्ये फुटबॉल संचालक म्हणून. प्रशिक्षक जॉन बार्न्स होता. फेब्रुवारी २००० मध्ये घरच्या मैदानावर इन्व्हर्नेस कॅलिडोनियन थिसलने सेल्टिकला कपमधून ३-१ असं उडवलं, बार्न्स गेला, डॅल्ग्लिशने हंगाम पुरा केला. लीग कप जिंकला, उन्हाळ्यात निघाला.

लिव्हरपूलमधली २०११-१२ ची दुसरी खेळी यशस्वी म्हणायची की फसलेली?

दोन भाग करा. जानेवारी २०११ मध्ये रॉय हॉजसनला काढून त्याला आणलं तेव्हा लिव्हरपूल बाराव्या स्थानी होतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी टोरेस ५ कोटी पौंडांना चेल्सीला गेला. सुआरेझ आणि साडेतीन कोटींचा अँडी कॅरोल आले. संघ सहावा आला. उत्तम.

पुढच्या हंगामात ब्लॅकबर्नचाच आराखडा पुन्हा काढला: उंच कॅरोल, त्याला क्रॉस देणारे डाउनिंग आणि मंडळी. पण सतरा वर्षांत बचावपटू बदलले होते, आणि डाउनिंगच्या नावावर अख्ख्या लीगमध्ये ना गोल ना गोलसाठीचा पास. घरच्या मैदानावर १९ पैकी फक्त ६ सामने जिंकले. लीग कप मिळाला, एफए कपची अंतिम फेरी गाठली, लीगमध्ये आठवा क्रमांक. मे २०१२ मध्ये नारळ मिळाला. मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला वर्णद्वेषी बोलल्याबद्दल सुआरेझवर आठ सामन्यांची बंदी आली, तेव्हा संघाने त्याच्या समर्थनाचे टी-शर्ट घातले. तो डॅल्ग्लिशच्या कारकिर्दीतला सर्वांत वाईट निर्णय. २०११ मध्येच घेतलेला जॉर्डन हेंडरसन मात्र पुढे २०१९ ची चॅम्पियन्स लीग आणि २०२० ची लीग उचलणारा कर्णधार झाला.

त्याने स्कॉटलंडचं प्रशिक्षकपद कधी सांभाळलं?

कधीच नाही. बऱ्याचदा इथे ॲलेक्स फर्ग्युसनशी (मँचेस्टर युनायटेडचा नंतरचा मॅनेजर) गल्लत होते. तेव्हा स्कॉटलंडचा प्रशिक्षक असलेल्या स्टीनच्या मृत्यूनंतर १९८६ च्या विश्वचषकाला संघ फर्ग्युसनने नेला होता. तोही ग्लासगोचा, तोही मूळचा स्ट्रायकर.

आता तो काय करतो?

२०१३ पासून लिव्हरपूलच्या संचालक मंडळावर. २०१७ मध्ये ॲनफिल्डच्या एका स्टँडला त्याचं नाव दिलं, २०१८ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. मरीनाला स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यातून बरी झाल्यावर तिच्या नावाने सुरू झालेला निधी मर्सीसाइडमधल्या कर्करोग उपचारांसाठी पैसा उभा करतो. मुलगी केली केट्स टीव्हीवर फुटबॉलचं सूत्रसंचालन करते.

जुन्या चित्रफिती बघायच्या तर कुठून सुरुवात करावी?

गोलांचे जोडून केलेले तुकडे आधी बघू नका. त्यात चेंडू पायाशी आल्यानंतरचंच दिसतं, आणि त्याचं निम्मं काम त्याआधी झालेलं असतं. १९७८ चा ब्रुजविरुद्धचा सामना अख्खा मिळाला तर उत्तम, खेळ संथ असला तरी. मग १९८२ ते १९८४ मधला रशबरोबरचा कुठलाही लीग सामना घ्या आणि वीस मिनिटं चेंडू सोडून फक्त सात नंबरकडे बघा: मान किती वेळा वळते ते मोजा. कॅमेरा लांबचा आणि चित्र धुरकट असतं, पण मागे सरकलेल्या त्या ढुंगणावरून तो लगेच ओळखू येतो.